पॅराबेन म्हणजे विष आणि डाळीचं पीठ म्हणजे अमृत का?

चिऊची आई: काल एका ताईंनी बाळाचं लोशन, क्रीम, वाइप्स सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकल्याचा फोटो टाकला, वर उपदेश की ज्याचं नाव वाचता येत नाही ते लेकराला लावू नका, डाळीचं पीठ, साय, हळद बास. डोकं फिरलं म्हणून लिहितेय. पॅराबेन म्हणजे क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात ते प्रिझर्व्हेटिव्ह. युरोपने २०१४ मध्ये पाच पॅराबेनवर पूर्ण बंदी घातली, पण प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनवर ती फक्त तीन वर्षांखालच्या मुलांच्या डायपरच्या जागी लावून तसंच ठेवायच्या क्रीमपुरती. सरसकट नाही! उलट पॅराबेन-फ्रीच्या नादात कंपन्यांनी मिथाइलआयसोथायझोलिनोन हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घातलं आणि त्याने लोकांना इतक्या अ‍ॅलर्ज्या झाल्या की २०१७ पासून युरोपात तेच लावून ठेवायच्या क्रीममधून हद्दपार. लेबल वाचायचंच तर हे बघा, आणि 'परफ्यूम' लिहिलंय का ते.

खोबरेल जिंदाबाद: म्हणजे आमच्या आज्या वेड्या होत्या? पिठानेच वाढलो, काही झालं नाही.

चिऊची आई: तुम्हाला नाही झालं, छान. माझ्या लेकीला एक्झिमा आहे. कोपराच्या घडीत कातडी फुटलेली, त्यावर मालिशवाल्या बाईंनी लव जावी म्हणून पीठ रगडलं, रात्रभर पोर ओरबाडत होती. फुटलेल्या कातडीतून खाण्याचं प्रोटीन आत गेलं की त्याचीच अ‍ॅलर्जी जडू शकते. २००३ च्या इंग्लंडमधल्या अभ्यासात शेंगदाणा तेलाच्या क्रीमचा आणि शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा संबंध दिसला होता.

मुलुंडकर: कंपन्यांची वकिली पुरे. मुलुंडच्या जॉन्सनच्या बेबी पावडरच्या कारखान्याचं लायसन राज्याच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) कॅन्सरमुळेच रद्द केलं होतं ना?

लेबलवाचक बाबा: नाही हो. पीएच जास्त निघाला म्हणून, सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि नमुने होते डिसेंबर २०१८ चे! जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने ते आदेश रद्द केले. कॅन्सरचे खटले अमेरिकेतले. बाकी पावडर मीही लावत नाही, धुरळा नाकातोंडात जातो.

ठाण्याच्या काकू: आता काजळालाही नावं ठेवा! तुपाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी घालून धरलेलं घरचं काजळ आहे आमचं, त्यात कुठलं केमिकल?

लेबलवाचक बाबा: काकू, काजळी म्हणजे कार्बनच. विकतच्या काजळा-सुरम्यात शिसं सापडलंय, घरच्यात ते नसेल, मान्य. पण बोटाने डोळ्यात घालता, नखातला मळ कुठे जातो?

ठाण्याच्या काकू: माझ्या नखात मळ नसतो. आणि डोळे मोठे होतात, नातवाचे बघा.

चिऊची आई: नातवाचे डोळे त्याच्या आईसारखे असतील.

ठाण्याच्या काकू: सुनेचे बारीक आहेत, विषय काढू नका.

खोबरेल जिंदाबाद: 😂😂 आमच्याकडेही काजळावरूनच सासूबाईंनी अबोला धरला होता, बारशापासून उष्टावणापर्यंत. डॉक्टर नको म्हणाले तर म्हणे डॉक्टरच बदल.

लेबलवाचक बाबा: दृष्ट लागू नये म्हणूनच ना? मग तळपायाला तीट लावा. दृष्टही जाईल, डोळाही राहील.

ठाण्याच्या काकू: बरं, तळपायाला. झालं समाधान? उद्या दृष्ट लागली की मीठ-मोहऱ्या घेऊन तुम्हीच या उतरवायला.

खोबरेल जिंदाबाद: आणि पीठ मी लावणारच. कातडी फुटली असेल तेव्हा नाही लावणार, एवढं ऐकते. तुमच्यासाठी नाही, पोरासाठी.

नवी आई नाशिक: अहो पण मूळ प्रश्न राहिला, कोरड्या गालांना लावू काय?

चिऊची आई: बिनवासाची पेट्रोलियम जेली. आंघोळ झाल्या झाल्या, अंग जरा ओलसर असतानाच.

मुलुंडकर: पेट्रोल?? लेकराला??

चिऊची आई: मी चालले झोपायला.