जुनी स्की-बोट प्रथमच घेतली आहे : दाभोळच्या खाडीत ती कशी सांभाळावी आणि कशी चालवावी?

वाशिष्ठीकाठ

सर्वांना नमस्कार. दिवाळीनंतर मी एक जुनी स्की-बोट विकत घेतली. बोटीचा मालक होण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. बोट अमेरिकन बनावटीची, 1990च्या आसपासची, फायबरची आणि एकोणीस फूट लांबीची आहे. इंजिन बरोबर मध्यभागी बसवलेले असून तेथून पंखा (प्रोपेलर) फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, सरळ तळातून बाहेर पडतो. आउटबोर्डसारखे, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या इंजिनासारखे, काहीही उचलता येत नाही. इंजिन 5.7 लिटरचे, आठ सिलिंडरचे, कार्ब्युरेटर असलेले पेट्रोल इंजिन आहे. आधीच्या मालकांनी ती घाटावरच्या धरणाच्या गोड्या पाण्यात चालवली होती आणि तिची निगाही बऱ्यापैकी राखली होती. आता मात्र ती दाभोळच्या खाडीत राहणार आहे. खाडीच्या आतल्या शांत पाण्यात सकाळच्या वेळी घरातल्या मुलांना वॉटर-स्कीइंग शिकवावे, असा माझा विचार आहे.

माझ्या शंका तीन आहेत. हे इंजिन बाहेरचेच पाणी आत ओढून थंड होते. खाऱ्या पाण्यात असे इंजिन टिकते का, की आधी बंदिस्त कूलिंग (इंजिनात तेच गोडे पाणी फिरत राहते आणि बाहेरचे पाणी फक्त त्याला थंड करते) बसवून घ्यावे? दुसरे, जेटीला लावताना रिव्हर्स टाकला की बोट सुकाणूचे ऐकतच नाही, मागची बाजू आपोआप एकीकडे ओढली जाते. हा बिघाड आहे का? आणि तिसरे, पावसाळ्यात तिला पाण्यातच नांगरून ठेवता येईल का? गावातले मच्छीमार बांधव मनापासून मदत करतात, परंतु त्यांच्या बोटी डिझेलवर चालणाऱ्या आणि बांधणीने वेगळ्या असल्यामुळे या बोटीबद्दल तेही खात्रीने सांगू शकत नाहीत.

इंजिनरूम

आपण प्रश्न नेमके विचारले आहेत, म्हणून इंजिनापुरते सविस्तर लिहितो. ही बोट तळ्यातल्या गोड्या, सपाट पाण्यासाठी बांधलेली आहे, आणि कोकणात तिचे जे काही वेगळे करावे लागते, ते जवळपास सगळे या एका गोष्टीतून निघते.

बाहेरच्या पाण्यावर थंड होणारे इंजिन खाऱ्या पाण्यात चालते, पण प्रत्येक फेरीनंतर ते गोड्या पाण्याने धुतले तरच. हे धुणे बहुतेक जण अर्धवट करतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत गोडे पाणी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, आत नीट फिरतच नाही, त्यामुळे दोन मिनिटे नळी लावून इंजिन बंद केले तर मीठ आत तसेच राहते. तळाच्या छिद्रातून पंपाकडे जाणारी नळी सोडवून तिचे तोंड गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवावे, पिंपात सतत पाणी सोडत राहावे आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊन आणखी काही मिनिटे जाईपर्यंत इंजिन आयडलला चालू ठेवावे. 200 लिटरचे पिंप कमीच पडते, हे लक्षात ठेवून एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची सोय आधीच करावी. इंजिन बंद असताना नळाचे दाबाचे पाणी आत कधीही सोडू नये. ते एक्झॉस्टमध्ये साठून उलट सिलिंडरमध्ये शिरू शकते.

पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचा इंपेलर असतो. तो कोरडा फिरला तर थोड्याच वेळात जळतो, म्हणून पाण्याची जोडणी नसताना इंजिन “फक्त आवाज ऐकण्यासाठी” चालू करू नये. इंपेलर दर हंगामाला बदलावा. जुना इंपेलर काढल्यावर त्याची पाती मोजावीत. एखादे पाते कमी असेल तर ते पुढे कुठेतरी, बहुधा गिअरबॉक्सच्या तेलाच्या कूलरच्या तोंडाशी, अडकलेले असते आणि ते शोधून काढल्याशिवाय इंजिन गरम होण्याचे थांबत नाही.

खाऱ्या पाण्यात सर्वांत आधी जातात ते एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारे नळ) आणि त्यावरचे रायझर (तो धूर बाहेर नेणारे उभे बाक). ते ओतीव लोखंडाचे असतात आणि आतून गंजतात; बाहेरून रंग चकचकीत असला तरी त्यावरून काही कळत नाही. आतली भिंत फुटली की पाणी थेट सिलिंडरमध्ये जाते. रायझर उघडून सांध्याची गॅस्केट पाहावी. तिच्यावर गंजाची रेघ उमटलेली दिसली तर पाणी झिरपू लागले आहे असे समजावे. सततच्या खाऱ्या वापरात चार-पाच वर्षांनी ते बदलण्याची मनाची तयारी ठेवावी. ऑइलची काडी दर वेळी पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर इंजिन अजिबात चालू करू नये.

बंदिस्त कूलिंगबद्दल माझे मत असे की आपल्या बाबतीत ते करून घेण्यासारखे आहे, कारण ब्लॉक अजून गोड्या पाण्याचाच आहे. वर्षानुवर्षे खारे पाणी प्यालेल्या ब्लॉकवर तो खर्च सहसा वसूल होत नाही. मात्र काही संचांत केवळ ब्लॉक बंदिस्त होतो आणि मॅनिफोल्डमधून खारे पाणीच वाहत राहते, एवढे विचारून घ्यावे.

ॲनोडचे, म्हणजे बोटीच्या इतर धातूंऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यांचे, काय आहे? तळ्यातल्या बोटींवर पुष्कळदा ते नसतातच, किंवा गोड्या पाण्यासाठीचे मॅग्नेशियमचे असतात. खाडीत जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे हवेत. ते निम्मे झिजले की बदलावेत आणि त्यांच्यावर रंग मारू नये.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचते. प्रत्येक वेळी स्टार्ट करण्यापूर्वी किमान चार-पाच मिनिटे ब्लोअर (ती वाफ बाहेर फेकणारा विजेवरचा पंखा) चालवावा, झाकण उघडून नाकाने वास घ्यावा, मगच किल्ली फिरवावी. हे इंजिन मोटारीच्या इंजिनावरून बनवलेले असल्याने मेकॅनिक मोटारीचा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा कार्ब्युरेटर “तोच आहे” म्हणून बसवतील. तो तोच नसतो. बोटीसाठीच्या भागांत ठिणगी बाहेर पडू नये आणि पेट्रोल बाहेर सांडू नये अशी रचना असते. येथे पैसे वाचवू नयेत, ही कळकळीची विनंती.

मालवण_बंदर

इंजिनरूम दादांनी इंजिनाचे सांगितलेच आहे; मी चालवण्याबद्दल लिहितो.

आपल्या बोटीत बिघाड नाही. सुकाणू पंख्याच्या मागे असते आणि पंखा त्याच्यावर पाणी फेकतो तेव्हाच ते बोट वळवते. न्यूट्रलमध्ये आणि रिव्हर्समध्ये ते जवळजवळ निकामी असते. रिव्हर्समध्ये पंखा मागची बाजू एका ठरावीक दिशेला ओढतो, आणि ही दिशा कधीही बदलत नाही. मागे उभे राहून पाहिल्यास पुढे जाताना पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर रिव्हर्समध्ये मागची बाजू डावीकडे जाते. उलट फिरत असेल तर उजवीकडे. स्की-बोटींत दोन्ही प्रकार आढळतात, तेव्हा आपली कोणती ते मोकळ्या पाण्यात करून पाहावे.

एकदा हे कळले की तीच ओढ कामी येते. मागची बाजू ज्या दिशेला जाते, त्या बाजूने जेटीला लागावे. साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात, मधून मधून न्यूट्रल करत, अगदी सावकाश पुढे यावे, नाळ (बोटीचे पुढचे टोक) जेटीजवळ आली की सुकाणू जेटीपासून दूर वळवून क्षणभर गिअर पुढे टाकावा आणि लगेच रिव्हर्सचा छोटा झटका द्यावा; बोट थांबते आणि मागची बाजू स्वतःहून जेटीकडे सरकते. खाडीत ओहोटीचा ओढ जोराचा असतो, म्हणून शक्यतो त्याच्या विरुद्ध तोंड करूनच जेटी गाठावी. जेटीवरच्या माणसाने हाताने बोट अडवायला जाऊ नये. त्यासाठी फेंडर, म्हणजे बोटीच्या बाजूला टांगायच्या रबरी गाद्या, आहेत.

या बोटीचा तळ जवळजवळ सपाट आणि काठ बुटका असतो. स्की ओढताना मागे लाट कमी उठावी म्हणून ती तशी केलेली असते, त्यामुळे खाडीच्या तोंडापाशी जिथे समुद्राची लाट आत येते तिथे तिला नेऊ नये. सकाळी मतलई वारा असताना पाणी सपाट मिळते. दुपारी खारे वारे सुटले की परत फिरावे. वेगात असताना थ्रॉटल एकदम सोडू नये, कारण बोटीनेच उठवलेली लाट मागून येऊन काठावरून आत शिरते. वाळूच्या दांड्यांपासून दूर राहावे. पंखा, शाफ्ट आणि तळाच्या फिन या बोटीत पूर्णपणे उघड्या असतात. नुसती वाळू घासली तरी शाफ्ट वाकू शकतो.

जागेबद्दल मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. वाशिष्ठीच्या आतल्या भागात, परचुरीपासून चिपळूणच्या बाजूला, मगरी आहेत. त्या पाहायला पर्यटक मुद्दाम येतात. शिकणारे मूल पाण्यात पडून स्थिर तरंगत राहते, आणि आपण ज्याला शांत पाणी म्हणता ते नेमके तेच पाणी आहे. कृपया तेथे मुलांना उतरवू नका. खालच्या अंगाला दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा मार्ग आणि मच्छीमारांची जाळी आहेत, तेव्हा तोही पर्याय नाही. ट्रेलर आहेच, तर स्कीइंगसाठी बोट दुसरीकडे न्यावी. जागा ठरवण्यापूर्वी तिथल्या तांडेलांना (मच्छीमार बोटींच्या प्रमुखांना) आणि बंदर निरीक्षकांना विचारावे. नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते, ते काम त्याच फेरीत करून घ्यावे.

ओढताना चालकाशिवाय दुसरा मोठा माणूस सतत मागे पाहणारा हवा. पडलेल्या मुलाजवळ येताना ते चालकाच्या बाजूला, डोळ्यांसमोर ठेवावे आणि ते शिडीला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करावे. नुसते न्यूट्रल पुरेसे नाही. चालू इंजिनाच्या मागे कार्बन मोनॉक्साइडही असतो.

वाशिष्ठीकाठ

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मगरींचे माहीत होते, पण त्या एवढ्या खालपर्यंत येत असतील असे वाटले नव्हते. आतल्या खाडीचा बेत रद्द केला आहे. आणखी एक विचारतो. वेगात असताना इंजिनाखालून धडधड जाणवते आणि मेकॅनिकने शाफ्टची जोडणी सरळ केली तरी ती पुन्हा बिघडते. पावसाळ्याचा प्रश्नही राहिलाच आहे.

फायबरकाम

धडधडीचे जे वर्णन आपण केले आहे, त्यावरून मला शंका येते ती तळातल्या आधारपट्ट्यांची, म्हणजे स्ट्रिंगरची. त्या काळातल्या बऱ्याच बोटींत फायबरच्या आत लाकडी स्ट्रिंगर असत आणि इंजिन त्यांच्यावरच बोल्टने बसवलेले असे. बोल्टच्या छिद्रांतून पाणी आत गेले की लाकूड आतून कुजते आणि फायबरचे कवच मात्र जसेच्या तसे दिसते. मग इंजिन बसते, शाफ्टची रेषा सुटते आणि कितीही वेळा सरळ केली तरी टिकत नाही.

लहान हातोडीने स्ट्रिंगरवर टकटक करत जावे. सुके लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. इंजिन माउंटचे बोल्ट आवळून पाहावेत. ते आवळले न जाता नुसतेच फिरत असतील तर उत्तर मिळालेच. तरीही संशय राहिल्यास स्ट्रिंगरच्या बाजूला बारीक छिद्र पाडावे. भुसा पांढुरका आणि कोरडा निघाला तर छिद्र इपॉक्सीने बंद करून निश्चिंत व्हावे. तपकिरी आणि ओला निघाला तर इंजिन उतरवून स्ट्रिंगर बदलणे हाच उपाय आहे. ते खर्चिक आहे, आणि म्हणूनच बंदिस्त कूलिंगवर पैसे घालण्याच्या आधी ही तपासणी करावी असे मी आग्रहाने सांगेन. लाकूड चांगले निघाले, तर वाकलेला शाफ्ट किंवा पंखा पाहावा. जोडणीच्या दोन चकत्यांमधली फट सर्व बाजूंनी सारखी हवी; फरक 0.08 मिलिमीटरच्या आत असावा आणि अंतिम मोजणी बोट पाण्यात असताना करावी, कारण ट्रेलरवर तळाचा आकार किंचित बदलतो.

पावसाळ्यात बोट पाण्यात ठेवू नये. आपल्याकडे यांत्रिक मासेमारीही 1 जून ते 31 जुलै बंद असते, आणि एवढ्या बुटक्या काठाची उघडी बोट एका रात्रीच्या पावसाने भरू शकते; बिल्ज पंप बॅटरी असेपर्यंतच चालतो. मेच्या मध्यालाच, भरती चढत असताना, ती ट्रेलरवर घ्यावी. छपराखाली नाळ उंच ठेवून उभी करावी, तळाचे बूच काढून ते किल्लीलाच बांधून ठेवावे म्हणजे पुढच्या हंगामात बूच न लावता बोट पाण्यात जाणार नाही. ताडपत्री घट्ट गुंडाळू नये, वारा खेळू द्यावा; नाहीतर गाद्यांना बुरशी येते. ट्रेलरची चाके रस्त्यावरून आल्यावर निवू द्यावीत, मगच पाण्यात घालावीत. गरम बेअरिंग खारे पाणी आत ओढून घेते.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, आणि ओल जास्त झाली की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. म्हणून जूनपूर्वी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडून झिरपू लागतात. त्या सर्व बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या, बोटीसाठीच्या नळ्या घ्याव्यात आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा. स्ट्रिंगरची तपासणी कधीही करा, पण नळ्या बदलेपर्यंत इंजिन चालू करू नका.