मॉनिटर की इस्त्री? (सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा)

ए-३०२ काका: नमस्कार मंडळी. एक शंका. यंदा वीजबिल साडेपाचशेने वाढलं. मागच्या महिन्यात १८० युनिट होते, आता २२१. घरात नवीन काय, तर नातवाचा २४ इंची मॉनिटर. त्याच्या पाठीवर लिहिलंय १००-२४० व्होल्ट, १.५ अँपिअर. २३० गुणिले दीड म्हणजे ३४५ वॅट. रोज दहा तास चालला तर महिन्याला १०३ युनिट! हा मॉनिटर आहे की इस्त्री? कोणाकडे असा आहे का?

सी-२०१: 🌹 शुभ सकाळ 🌹

बी-४०३: काका, माझ्याकडे दोन आहेत. घरूनच काम करतो. ३४५ चे असते तर मी केव्हाच ऑफिसात जाऊन बसलो असतो 😄 आणि बिल वाढलंय ४१ युनिटने, मॉनिटरच्या नावावर तुम्ही १०३ टाकताय. उरलेले ६२ कोणाचे?

ए-३०२ काका: ते मलाही कळेना. म्हणून तर विचारलं.

ए-१०१: २०० पार झालं ना, मग सगळ्याच युनिटला वरचा दर लागतो. तिथेच मार बसतो.

बी-१०४: नाही हो. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० चे आहेत, २०० ला काही नाही. आणि वरचा दर फक्त १०० च्या वरच्या युनिटना, पहिले १०० स्वस्तातच राहतात. काकांनी बिलाचा फोटो पाठवला होता, त्यावरून काढलं. वीज आकार, वहन आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून वरचा प्रत्येक युनिट साधारण १३ रुपयांना पडतो.

बी-१०४: आता ते १.५ अँपिअर. ते जास्तीत जास्त किती ओढेल त्याचं आहे, तेही १०० व्होल्टवर चालवलं तर. रोजचं नव्हे. एसटीवर आसनक्षमता लिहिलेली असते म्हणून रात्रीच्या शेवटच्या गाडीत तेवढी माणसं असतात का? २४ इंची एलईडी मॉनिटर १५ ते २५ वॅटमध्ये भागतो. साध्या सीलिंग फॅनला ७०-७५ लागतात.

सी-३०१ वहिनी: मग आमच्याकडे रात्रभर तीन मॉनिटर फिरतात म्हणायचे 😂

बी-२०२: पूर्वीचे ते पेटीसारखे मॉनिटर मात्र ७०-८० वॅट खायचे. वर मांजर झोपायचं उबेला. काका, वॉलपेपर काळा ठेवायला सांगा नातवाला, वीज वाचते.

बी-४०३: साध्या एलसीडीला, म्हणजे या एलईडी मॉनिटरलाही, काही फरक पडत नाही, मागचा दिवा तेवढाच जळत असतो. ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) असेल तर वाचते. स्क्रीनसेव्हरचंही तेच. ब्राइटनेस कमी केला तर खरा फरक, आणि डोळ्यांनाही बरं.

ए-१०१: मला वाटतं मीटरच पळतोय.

बी-१०४: वाटून कशाला घ्यायचं, मोजूच. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला ३२०० इम्प लिहिलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्यांनी भागायचं, थेट वॅट मिळतात. सेक्रेटरी साहेब, मीटर रूमची किल्ली?

सेक्रेटरी: वॉचमनकडे आहे. घेताना वहीत सही करा. मागच्या वेळी कोणी केली नव्हती.

बी-१०४: काका, फ्रिज, वायफाय, सेट-टॉप बॉक्स, सगळं काढा. टीव्ही बंद केला तरी तो बॉक्स खातच असतो. फक्त नातवाच्या खोलीचा एमसीबी (बोर्डावरचा खटका) चालू ठेवा आणि कम्प्युटर लावा. मी खाली उभा आहे.

ए-३०२ काका: लावला.

बी-१०४: १२ सेकंद. म्हणजे ९४ वॅटच्या आसपास. आता बंद करा.

ए-३०२ काका: केला.

बी-१०४: नाही केला.

ए-३०२ काका: अहो केला! स्क्रीन काळी झाली.

बी-१०४: दिवा अजून लुकलुकतोय. १६ सेकंदाला एक. ७० वॅट. काका, बटण कुठलं दाबलंत?

ए-३०२ काका: खालचं उजवीकडचं. रोज रात्री तेच दाबतो. पोरगं विसरतं म्हणून मीच बंद करतो.

बी-४०३: काका, ते मॉनिटरचं बटण 🙏 टेबलाखाली काळा डबा असेल बघा, खरा कम्प्युटर तो. दिवे पेटलेले आहेत का?

ए-३०२ काका: आहेत. हिरवे-निळे. मला वाटलं स्पीकर आहे. पूर्वी लॅपटॉप होता, त्याला डबा नव्हता.

सी-३०१ वहिनी: 🤣🤣

बी-१०४: आता डबा बंद करा आणि मॉनिटर जुन्या लॅपटॉपला जोडा. चार्जर नको, लॅपटॉप बॅटरीवरच चालू द्या.

ए-३०२ काका: नातवाने जोडला. चित्र आलं.

बी-१०४: ५० सेकंद. साडेबावीस वॅट. रोज पाच तास म्हणजे महिन्याला ३.४ युनिट, ४५ रुपयांच्या आत. डबा दिवसाचे १८ तास उगाच चालू राहत असेल तर ३८ युनिट, जवळजवळ पाचशे रुपये. तुमचे ४१ यात बसले.

ए-३०२ काका: नातू म्हणतो रात्री गेम डाउनलोडला लावलेला असतो, म्हणून त्याने स्लीप (कम्प्युटर आपोआप झोपणं) कायमचा बंद करून ठेवलाय.

बी-४०३: डाउनलोड झालं की आपोआप शटडाउन होईल असं लावता येतं. त्याला येत असेल, करत नसेल. नाही तर मी संध्याकाळी येऊन लावून देतो.

ए-३०२ काका: या. पोहे करायला सांगतो. मॉनिटरबद्दल मी त्याला काल बरंच बोललो, ते जरा…

ए-१०१: भाऊ, आमचाही मोजाल का? माझं तर ३४० आलंय.

बी-१०४: तुमच्याकडे दोन एसी आहेत. त्याला मीटर रूममध्ये जायला नको.

सेक्रेटरी: किल्ली परत दिली का?

सी-२०१: कोणाकडे वीज गेली आहे का? आमच्याकडे वायफाय बंद आहे.

ए-३०२ काका: अरेच्चा, फ्रिज लावायचा राहिला.