अनुभव धागा: रांग, डबा आणि करमणुकीच्या बागा

परवा भाचरांना घेऊन पुण्याच्या पेशवे पार्कात गेले होते. १९५६ साली सुरू झालेल्या फुलराणीत, म्हणजे तिथल्या मुलांच्या छोट्या आगगाडीत, पुढच्या कुटुंबातल्या सहाजणांना जागा मिळाली, दोघं राहिले. तर सगळे खाली उतरले, "पुढच्या फेरीला एकत्रच बसू" म्हणत. मला फार आवडलं ते. बागा इथल्या असोत की परदेशातल्या, माणसांच्या वागण्यात काय वेगळं दिसलं ते लिहा.

कोथरूडहून
टोकियो डिस्नीलँड, १९८३ साली उघडलेलं, अमेरिकेबाहेरचं पहिलं. नवरा रांगेत उभा होता, मी लेकाला शौचालयात नेऊन परतले आणि "सॉरी, सॉरी" करत पुढे सरकले. कुणी अडवलं नाही. एका बाईंनी फक्त पिशवी छातीशी धरून अंग चोरलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याकडे एकाने नंबर लावला की घरादाराचा लागतो, ही घुसखोरी आहे असं मनातही आलं नव्हतं. मिरवणुकीच्या वेळी तर लोक तासभर आधी चटया अंथरून बसलेले, पुढचे बसूनच राहतात, म्हणून मागच्यांनाही दिसतं. गणपतीत लक्ष्मी रोडवर असं झालं तर किती मुलांना खांद्यावरून उतरता येईल!

पाषाणहून
मी पॅरिसला होतो. तिथलं डिस्नीलँड १९९२ साली उघडलं तेव्हा आत जेवणाबरोबर वाइन मिळत नसे. फ्रेंच माणसाला ते पटेना, दुसऱ्याच वर्षी नियम बदलला. जेवणाची वेळही तिथे सगळ्यांची एकच. दुपारी लोक टेबलाशी निवांत बसले की आम्ही राइड उरकून घ्यायचो.

चिंचवडहून
आम्ही चौदाजण, टेम्पो ट्रॅव्हलर, पुण्याजवळचं एक वॉटर पार्क. सासूबाईंनी पहाटे चारला उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. गेटवर डबा बाहेर ठेवायला लावला. पाण्यात नायलॉनचाच पोशाख हवा. सुती कपडा भिजून जड होतो, घसरगुंडीत अडकतो, हे कारण मला मान्य आहे. पण सहावारीतल्या बाईने काय करायचं? सासूबाई दिवसभर चौदाजणांच्या पिशव्या सांभाळत पायरीवर बसल्या. संध्याकाळी पार्किंगमध्ये आम्ही दशम्या खाल्ल्या, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. तिकीट त्यांचंही पूर्ण होतं. राग आहे मला याचा, अजून.

कोथरूडहून, पुन्हा
ताई, वाचून वाईट वाटलं. टोकियोतही डबा आत नेऊ देत नाहीत, पण प्रवेशद्वाराबाहेर बसून खायला वेगळी जागा ठेवली आहे. एवढं आपल्याकडे सहज होईल.

हडपसरहून
मी दोन वर्षं एका पार्कात राइडवर ड्युटी केली. "किती जण?" विचारलं की एकटा उभा असलेला माणूस सांगायचा, "नऊ. येतायत मागून." मी गेट धरून ठेवायचो. एक पाळणा रिकामा फिरायचा, मागचे ओरडायचे, सुपरवायझर बोलायचा. तरी मी धरायचो.