मदत हवी आहे: नव्या थीममध्ये मराठी शीर्षकांची शिरोरेषा तुटते, मात्रा कापल्या जातात

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ मी सांभाळतो. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवायच्या प्रणालीवर आहे. जुनी थीम मोबाइलवर वाचता येत नव्हती म्हणून एक मोफत ब्लॉक थीम (पानाच्या रंगरूपाचा तयार साचा) लावली. मांडणी सुरेख आहे, पण ती केवळ रोमन लिपीसाठी बेतलेली दिसते.

सगळ्यात खटकतात ती शीर्षकं. शिरोरेषा अखंड येत नाही, 'दिवाळी अंक योजना' यातलं प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं. पुस्तकांच्या चौकटींत 'गोष्टींची'वरच्या वेलांट्या आणि अनुस्वार कापले जातात, 'मृत्यू'चे खालचे ऋकार-ऊकार अर्धे दिसतात. विंडोजवर अक्षरांचं वळण एक, अँड्रॉइडवर दुसरंच.

सगळे प्लगइन (जोड-प्रोग्राम) बंद करून पाहिले, कॅशे (साठवलेली जुनी पानं) साफ केली, फरक नाही. वर्डप्रेससोबत येणारी थीम लावली की मात्र शिरोरेषा जुळते. म्हणजे गडबड या थीमच्या सीएसएसमध्येच, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांतच आहे. थीमच्या मूळ फाइलींना हात लावायचा नाही, कारण अपडेट आलं की केलेलं सगळं पुसलं जातं.

आणखी एक. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. २०२२च्या शासन निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. आमच्या बालविभागातली मुलं शाळेत जो ल गिरवतात तोच त्यांना इथे दिसायला हवा. यात तडजोड नको आहे. काय करावं?

प्रतिसाद १

शिरोरेषा तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे, म्हणजे अक्षरांमधल्या जादा अंतरामुळे. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून थीमकर्ते शीर्षकांना ते देतात; देवनागरीत अक्षरांमध्ये फट पडली की रेघ तुटणारच. साइट एडिटर, स्टाइल्स, अॅडिशनल सीएसएस इथे जाऊन एच-१ ते एच-६ ला (शीर्षकांच्या सहा पातळ्यांना) लेटर-स्पेसिंग शून्य करा. हा भाग डेटाबेसमध्ये राहतो, थीमच्या अपडेटने जात नाही.

मात्रा कापल्या जातात कारण लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.१ किंवा १.२ असणार आणि चौकटीला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाणारा भाग लपवायचा नियम. रोमन अक्षरांना तेवढी उंची पुरते, आपल्याला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार दोन्हींसाठी जागा लागते. शीर्षकांना १.५, मजकुराला १.७ ठेवून पाहा.

प्रतिसाद २

वळण बदलतं कारण थीमच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नसावीत. मग ब्राउझर त्या यंत्रातला फाँट उचलतो: विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो, अॅपलवर कोहिनूर. स्वतःचा फाँट द्या. वर्डप्रेस ६.५ पासून फाँट लायब्ररी आहे, तिथे फाइल थेट चढवता येते.

ल-श साठी आधी सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. त्याने पानाच्या एचटीएमएलला (पानाच्या मूळ कोडला) भाषेचा 'एमआर' संकेत लागतो आणि नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट मराठी वळण दाखवतो. डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असेल तर आपल्या प्रोफाइलमध्ये भाषा वेगळी ठेवता येते. टिरो देवनागरी मराठीत तर हे ल-श मुळातच आहेत आणि लांब मजकुराला तो फार देखणा दिसतो. मात्र त्यात ठळक वजन (बोल्ड) नाही. शीर्षकांना लावलात तर ब्राउझर ओढूनताणून ठळक करेल आणि 'द्ध', 'क्ष'मधल्या पोकळ्या बुजतील. म्हणून शीर्षकांना नोटो, मजकुराला टिरो. दोन्ही मोफत आहेत.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार! शिरोरेषा जुळली, चौकटीतल्या वेलांट्याही पूर्ण दिसतात. भाषा मराठी केल्यावर नोटोतला ल लगेच बदलला. विंडोज आणि अँड्रॉइड दोन्हींवर आता पान सारखंच दिसतं. फक्त फोनवरच्या मेन्यूत 'नवी पुस्तकं'चा उकार अजून कापला जातो. तिथे लाइन-हाइट वाढवली की शब्दच खाली सरकतो.

प्रतिसाद १

मेन्यूच्या पट्टीला उंची ठरावीक पिक्सेलमध्ये दिलेली असेल. त्या नियमावर हाइट ऑटो करा, मूळ आकडा मिन-हाइटला (किमान उंचीला) द्या आणि वर-खाली थोडं पॅडिंग (आतली मोकळी जागा) ठेवा. मग पट्टी अक्षरांप्रमाणे वाढेल.

मूळ धागाकर्ता

झालं, उकार पूर्ण दिसतो. धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' असं लिहितो.