इतका विरळ वायू द्रवासारखा कसा वाहतो?

विद्यार्थी, फोंडा
एमएस्सीच्या चर्चासत्रासाठी मी अतिशीत अणूंमधील वहन हा विषय घेतला आहे. सापळ्यातील लिथियम-६ अणूंचा ढग हवेपेक्षा सुमारे दहा लाख पटींनी विरळ असतो, तरीही मांडवीच्या पाण्याला लागू पडणारी द्रवगतिकी, म्हणजे प्रवाहाचे नियम, त्यालाही लागू पडते, असे वाचले. अशा ढगातील अणू एकमेकांना न भेटताच निघून जायला नकोत का?

निवृत्त प्राध्यापक, ताळगाव
द्रवगतिकीला घनतेशी थेट कर्तव्य नसते. दोन टकरींमधले अंतर ढगाच्या आकारमानापेक्षा बरेच लहान असले, की स्थानिक समतोल साधतो, म्हणजे ढगाच्या प्रत्येक लहान भागाला स्वतःचे तापमान आणि दाब मिळतो, आणि तेवढे पुरते. अणू तरंगासारखाही वागतो. केल्विनच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासच्या तापमानाला त्याची तरंगलांबी शेजारच्या अणूपर्यंत पोहोचते, आणि सुमारे ८३२ गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात, म्हणजे अणूंमधली आंतरक्रिया अत्यंत तीव्र होते त्या फेश्बाख अनुनादापाशी, टकरीचे प्रभावी क्षेत्रफळ त्या तरंगलांबीच्या वर्गाइतके वाढते. मग शेजाऱ्याला चुकवून जाणे अणूला जवळजवळ अशक्य होते. २००२ मध्ये ड्यूक विद्यापीठात जॉन थॉमस यांच्या गटाने असा लांबट ढग सापळ्यातून सोडला, तेव्हा तो अरुंद बाजूने झपाट्याने फुगला आणि लांबीच्या दिशेने जवळपास तसाच राहिला, कारण दाबाचा उतार अरुंद बाजूलाच तीव्र होता. टकरी नसत्या तर तो अखेरीस गोल झाला असता. (एवढ्यावरून अतिप्रवाहिता, म्हणजे घर्षणाविना वाहणे, मात्र सिद्ध होत नाही, तिचा निर्णायक पुरावा ठरलेले भोवरे २००५ मध्ये एमआयटीत दिसले.)

संशोधक, मडगाव
यात श्यानतेचा, म्हणजे प्रवाहातील अंतर्गत घर्षणाचा, मुद्दा जोडावा. टकरींमधले अंतर अणूंमधल्या अंतराइतकेच उरले, की संवेगाचे विसरण (संवेग आजूबाजूला पसरण्याचा दर, हेच गतिक श्यानतेचे माप) प्लांकच्या स्थिरांकाला दोन पायने आणि अणूच्या वस्तुमानाने भागून येणाऱ्या राशीच्या घरात येते. लिथियम-६ साठी ती सेकंदाला सुमारे १०⁻⁸ चौरस मीटर, म्हणजे पाण्याच्या गतिक श्यानतेच्या साधारण शंभरावा भाग भरते.

विद्यार्थी, फोंडा
म्हणजे टकरी भरपूर असल्या की नेहमीची द्रवगतिकी हमखास लागू होते, असे मांडले तर चालेल का?

संशोधक, मडगाव
तसे मांडू नये. २००६ मध्ये किनोशिता, वेंगर आणि वाइस यांनी रुबिडियमचे अणू एकमितीय नळ्यांत, म्हणजे जिथे ते फक्त पुढे-मागे जाऊ शकतात अशा जागी, एकमेकांवर आदळवले. हजारो टकरींनंतरही ते औष्णिक समतोलाला आले नाहीत. तेथे ऊर्जा आणि संवेग यांखेरीज इतर असंख्य राशी जवळजवळ अक्षय्य (न बदलणाऱ्या) राहतात. त्या साऱ्या हिशेबात धरणारी सामान्यीकृत द्रवगतिकी २०१६ मध्ये मांडली गेली आणि २०१९ मध्ये फ्रान्समधील प्रयोगात तपासली गेली. तुमच्या चर्चासत्रात निम्मा वेळ तिला द्यावा, असे माझे मत आहे.