'फॅमिली इज' का 'फॅमिली आर'? पोट्टीचा अर्धा मार्क गेला, तुमीच सांगा

पऱ्हाटीवाला, राळेगाव:
राजेहो, एक भांडण मिटवा. पोट्टी आठवीत हाय, तिनं इंग्रजीच्या निबंधात लिहिलं 'माय फॅमिली आर ऑल फार्मर्स'. आता आमच्या घरी आबाजी, मी, लहाना भाऊ, दोघी जावा, सगळेच कास्तकारीत, खोटं काय हाय त्यात? सरनं लाल पेनानं 'आर' खोडून 'इज' केलं अन् अर्धा मार्क कापला. म्हणे फॅमिली एक तं क्रियापदही एकाचंच. मले इंग्रजी येते ती बियाण्याच्या पाकिटावरची, पण 'माय फॅमिली इज ऑल फार्मर्स' वाचलं की जीभ अडखळते बावा. मी तं पोट्टीच्या बाजूनं.

ट्यूशनवाली ताई, आर्वी:
भाऊ, सर बरोबर आहेत. कमिटी इज, टीम इज, क्लास इज, फॅमिली इज. मी दहावीची पोरं शिकवते, त्यांना 'दोन्ही चालते' सांगितलं की ते पेपरात तिसरंच काहीतरी लिहून येतात. तपासणारा कोण राहील कोणाले माहीत, कायले रिस्क घ्यायची?

जामठा एंड:
ताई क्रिकेट पाहत नाही वाटते. फेब्रुवारी 2023 ची आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमची टेस्ट, ऑस्ट्रेलिया 177 मध्ये गुंडाळली अन् दिवस संपता संपता आपले 1 बाद 77. इंग्रजी कॉमेंट्रीत असा स्कोअर सांगताना 'इंडिया आर' म्हणायची जुनी पद्धत हाय. देश एकच ना? मंग 'आर' कुठून आलं? कारण अकरा जण खेळून राहिले.

निवृत्त मास्तर, दर्यापूर:
दोघंही अर्धं अर्धं बोलून राहिले. ब्रिटिश इंग्रजीत अशा शब्दांना दोन्ही चालते, कोणत्या अर्थानं बोलता त्यावर आहे. घर एक म्हणून पाहिलं तर 'इज', घरातली माणसं वेगवेगळी पाहिली तर 'आर'. 'माय फॅमिली इज बिग' म्हणजे खटलं मोठं, अन् 'माय फॅमिली आर बिग' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटते घरचे सगळेच धिप्पाड आहेत. आता पोरीचं वाक्य पाहा, त्यात 'ऑल' आहे अन् पुढं 'फार्मर्स' आहे, एक फॅमिली मिळून अनेक फार्मर कशी होईल? तिथं 'आर'च शोभते. मी तीस वर्षं खडू झिजवला, मी मार्क कापला नसता. पण अमेरिकेत बहुतेक 'इज'च वापरतात, हेही खरं. अन् एक सांगतो, पोलीस अन् कॅटल या दोघांना मात्र नेहमी 'आर'च, तिथं वाद नाही. आपणही 'पोलीस आले' अन् 'गुरं चरून राहिली' असंच म्हणतो ना.

बंडीवाला:
घ्या, मास्तरनंच कबूल केलं. माझा भाचा अमेरिकेत हाय, तो म्हणते तिकडं फॅमिली इज, टीम इज, गव्हर्नमेंट इज, विषय संपला. आता सगळी दुनिया अमेरिकेचंच इंग्रजी पाहून राहिली मोबाइलवर, तुमी कायले इंग्रजायचं जू मानेवर घेता?

निवृत्त मास्तर, दर्यापूर:
भाच्याला विचारा, त्यांच्या देशाचं नाव एकवचनी का अनेकवचनी? त्यांच्याच घटनेत देशद्रोहाचं कलम आहे, त्यात युनायटेड स्टेट्ससाठी 'देम' लिहिलं आहे. 1865 ची तेरावी दुरुस्ती, गुलामगिरी बंद केली ती, तिच्यातही 'देअर' आहे. आज तेच लोक 'युनायटेड स्टेट्स इज' म्हणतात.

मोठी माय, मोर्शी:
तुमी इंग्रजीवर भांडता, आपली 'मंडळी' पाहा ना. दहा जण आले तरी 'मंडळी आली', अन् घरधनी 'आमची मंडळी माहेरी गेली' म्हणाला तं ते एकटी बायको. अन् 'फॅमिली'चंही तेच, आमचे दीर म्हणत 'फॅमिलीले घेऊन आलो' तवा संगं फक्त जाऊबाई. उलट बाबाजी एकटेच आले तरी 'आले', मानाचं म्हणून. मंग फॅमिलीले थोडा मान दिला 'आर' लावून तं सरचं काय गेलं?

ट्यूशनवाली ताई, आर्वी:
मोठी माय, मानाचं आर इंग्रजीत फॅमिलीले लागत नाही हो 😄 मास्तर, तुमचं व्याकरण मान्य, पण पोरांचे पेपर तुम्ही तपासणार नाही. गावातल्या पोराला एक मार्क गेला की कट ऑफमध्ये जागा जाते, नागपूरच्या पोराकडे चार क्लास अन् मार्क वाढवून मागायला बाप राहते. मी एकच नियम शिकवते ते म्हणून.

जामठा एंड:
म्हंजे बरोबर लिहिलेलं चूक म्हणून शिकवायचं.

ट्यूशनवाली ताई, आर्वी:
चूक नाही म्हटलं मी. कमी धोक्याचं म्हटलं.

पऱ्हाटीवाला, राळेगाव:
मास्तर, तुमचं सारं पोट्टीले वाचून दाखवलं. मी म्हटलं उद्या शाळेत जातो, ते म्हणे बाबा नका जाऊ, सर चांगले हायेत, उगाच मनात धरतील. मंग रातभर कायतरी खुडबुड करत बसली. सकाळी वही दाखवली. 'वी आर ऑल फार्मर्स.' फॅमिली शब्दच काढून टाकला पोट्टीनं.