काढून टाकलेल्या क्लासचे उरलेले संदर्भ नेमके शोधायचे कोठे?

पऱ्हाटी:
सर्वांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगची काटापट्टीची (वजनाच्या पावतीची) प्रणाली मी सांभाळतो. ती जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली आहे. कापूस आता ट्रॅक्टर-ट्रॉलीतून किंवा पिकअपमधून येतो, असे गृहीत धरून मी पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत ‘वाहन’ या क्लासचा (कोडमधील स्वतंत्र घटकाचा) उपक्लास ‘बैलबंडी’ आणि त्याचा रोजचा गोषवारा काढणारा ‘बंडीअहवाल’ असे दोन क्लास काढून टाकले. माझ्या लॅपटॉपवर सर्व काही सुरळीत चालते. दसऱ्यानंतर खरेदी सुरू झाली आणि सर्व्हरवर मात्र तीन निरनिराळे दोष दिसू लागले. पट्टी छापताना ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ येतो, रात्री आठ वाजता ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’ येते आणि मागील हंगामाची नोंद उघडली की डेटाबेसमधील नोंदी वाचणारी हायबरनेट लायब्ररी ‘राँगक्लासएक्सेप्शन’ देते. गिटमध्ये साठवलेल्या कोडमध्ये ‘गिट ग्रेप’ या आदेशाने शोधून पाहिले, परंतु दोन्ही नावांचा एकही उल्लेख सापडत नाही. मग हे संदर्भ राहिले आहेत कोठे?

धुरेकरी:
प्रथम लॅपटॉपवरचा भ्रम दूर करा. सोर्स फाइल काढली तरी पूर्वी कंपाइल झालेली क्लास फाइल ‘टार्गेट’ फोल्डरमध्ये तशीच राहू शकते आणि प्रोग्राम ती निमूटपणे वापरतो. बिल्ड करणाऱ्या मेव्हन या साधनाचे ‘क्लीन’ चालवून पुन्हा बिल्ड करा, म्हणजे सर्व्हरवरचे दोष तुमच्याकडेही दिसू लागतील. गावात नेट रडतखडत चालते म्हणून पुष्कळ जण क्लीन करण्यास बिचकतात, पण त्याने केवळ टार्गेट रिकामे होते. डाउनलोड केलेल्या लायब्ररी स्थानिक साठ्यात सुरक्षित राहतात.

दुसरे म्हणजे, पहिल्या दोन दोषांची नावे सारखी वाटली तरी अर्थ वेगळे आहेत. ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ बहुधा तेव्हा येतो, जेव्हा एखादा कोड कंपाइल होताना क्लास उपलब्ध होता, पण चालताना तो मिळाला नाही. म्हणजे पट्टी छापणारा भाग वेगळ्या जारमध्ये (कंपाइल झालेल्या क्लासच्या गठ्ठ्यात) असेल आणि ती जार तुम्ही नव्याने बांधली नसेल. जावाच्या जेडीके ८ या साधनसंचापासून सोबत मिळणारे ‘जेडेप्स’ त्या जारवर चालवा; जे क्लास सापडत नाहीत त्यांच्यापुढे ते तसे स्पष्ट लिहून देते. ‘क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन’ मात्र कोणीतरी क्लासचे नाव अक्षरांच्या स्वरूपात देऊन तो मागितला, तेव्हा येते. तेथे कंपायलरचा काहीच इलाज चालत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते नाव म्हणजे साधा मजकूर असतो.

वर्धाकाठ:
रात्री आठची ठरलेली वेळ पाहता शेड्युलरचा (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या भागाचा) संशय येतो. आपण क्वार्ट्झ हा शेड्युलर वापरत असाल आणि त्याची कामे डेटाबेसमध्ये साठवत असाल, तर त्याच्या जॉब-तपशिलाच्या टेबलमध्ये प्रत्येक कामाच्या क्लासचे पूर्ण नाव लिहिलेले असते. गिट ग्रेप तेथवर पोहोचतच नाही. सातबाऱ्यावर मयताचे नाव फेरफार होईपर्यंत चालत राहते, तसाच हा प्रकार आहे. सर्व्हरवर हाताने ठेवलेल्या एक्सएमएल व प्रॉपर्टीज फाइलीही पाहा, कारण त्या गिटमध्ये नसतात. शिवाय पॅकेजचे नाव आणि क्लासचे नाव जोडून पूर्ण नाव तयार करणारा कोड असेल, तर पूर्ण नावाने शोधून काहीच हाती लागत नाही. नुसत्या ‘बंडी’ या तुकड्यानेही शोधावे.

पऱ्हाटी:
आपला अंदाज अचूक निघाला. ‘बंडीअहवाल’ क्वार्ट्झच्या टेबलमध्येच होता. छपाईची जारही जुनीच होती. ती नव्याने बांधली. आता केवळ जुन्या नोंदींचा प्रश्न उरला आहे. एका मित्राने हायबरनेटमध्ये डिस्क्रिमिनेटरची ‘फोर्स’ ही सोय सुरू करण्यास सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

वर्धाकाठ:
कृपया तसे करू नका. एकाच टेबलमध्ये सर्व उपक्लास ठेवले, की कोणती ओळ कोणत्या क्लासची आहे हे डिस्क्रिमिनेटरच्या स्तंभात लिहिले जाते. ‘फोर्स’ सुरू केल्यास हायबरनेट अनोळखी नावाच्या ओळी मागवणारच नाही. दोष दिसेनासा होईल, पण त्याबरोबर बंडीतून आलेला सर्व कापूस बेरजेतूनही नाहीसा होईल, आणि एखादा शेतकरी मागील वर्षाचा हिशेब मागायला आला तर त्याचे क्विंटल आपण कोठून दाखवणार? माझ्या मते ‘बैलबंडी’ हा क्लास परत आणावा. गिट लॉगच्या मोठ्या लिपीतील ‘एस’ या पर्यायाने नाव शोधल्यास तो ज्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) काढला गेला ती सापडेल. ‘बंडीअहवाल’ मात्र जाऊ द्या. फक्त तो शेड्युलरच्या ‘डिलीट जॉब’ या मेथडने काढा. टेबलमधून थेट ओळ पुसायला गेल्यास ट्रिगरच्या (कामाची वेळ ठरवणाऱ्या नोंदींच्या) टेबलमधील फॉरेन की, म्हणजे दोन टेबल जोडणारा दुवा, आडवी येईल.

पऱ्हाटी:
दोन्ही गोष्टी केल्या. मागील हंगामाच्या नोंदी आता व्यवस्थित उघडतात. काट्यावरच्या मुनीमजींना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की जवळच्या पोडावरून (आदिवासी वस्तीवरून) अजूनही दोन-तीन बंड्या येतात; यादीत बंडी दिसली नाही म्हणून त्यांनी यंदा त्या ‘ट्रॅक्टर’ म्हणून चढवल्या. आता काटापट्टीच्या वहीवरून त्या नोंदी दुरुस्त करत बसलो आहे.